विचार करून बोलणारा खांब

आमच्या घरमालकांनी पहिल्या दिवशी मला गाव विचारलं नाही, नाव विचारलं नाही. रिक्षातून उतरवलेल्या माझ्या लोखंडी पेटीवर त्यांनी डावा पंजा ठेवला, उजव्या हातातल्या हातोडीनं एक ठोका दिला आणि म्हणाले, "कुलूप मजबूत आहे. बूड गेलं."

मी म्हटलं, "कसं जाईल? मागच्या दिवाळीला तर घेतली."

पेटी उचलली तर बुडातून बायकोच्या पातळाचा काठ लोंबत होता. पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, गोळा होऊन पाहत होता. हा माणूस मला तेव्हाच आवडला नाही.

ब्राह्मणपाऱ्यातलं ते घर म्हणजे मधे अंगण आणि दोन बाजूंना दोन-दोन खोल्या. एका बाजूला ते एकटे, दुसऱ्या बाजूला मी आणि माझी बायको. मी राजमिस्त्री. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण तेलीबांध्याच्या तलावाकडे ज्या उंच इमारती दिसतात, त्यांतल्या कितीतरी भिंतींत माझ्या हातची वीट आहे, आणि एकही भिंत ओळंब्याला चुकलेली नाही. बढाई म्हणून सांगत नाही. खरं आहे म्हणून सांगतो.

घरमालक रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांचं काम एकच. गाडी स्टेशनात थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, एकेका चाकावर ठोका मारायचा आणि आवाज ऐकायचा. साबूत चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं फुटक्या मडक्यासारखं. जन्मभर हेच केलं. रिटायर झाले, पण हात काही रिटायर झाला नाही. त्यांनी एका हातोडीचा दांडा कापून तिला वीतभर करून घेतलं आणि मग समोर येईल ते ठोकायला लागले.

पाऱ्यातले लोक पाठीमागे त्यांना टनटन कका म्हणत. तोंडावर सगळे काकाजी म्हणत, मीही.

सकाळी दात घासून झाले की त्यांची फेरी निघे. गॅसचा सिलिंडर, पाण्याचा हंडा, दाराची चौकट, आमच्या खाटेचा पाय. प्रत्येकावर आधी डावा पंजा, मग उजव्या हातानं ठोका. डावा पंजा ठेवल्याशिवाय त्यांनी कधी ठोकलं नाही. माझी बायको म्हणायची, आशीर्वाद देतात. मी म्हणायचो, मालकी दाखवतात.

सिलिंडरवर हात ठेवून सांगत, "चार दिवस. पाहुणे आले तं तीन." तसंच होई. उन्हाळ्याच्या तोंडाशी बाया बाजारातून माठ आणण्याआधी त्यांना सोबत नेत. ते रांगेतला एकेक माठ ठोकत चालत आणि कुंभाराच्या तोंडावर म्हणत, "हा रडून राहिला. हा खोकलून राहिला. हा घे." कुंभार चिडे, पण बाया तोच माठ घेत. कोहळ्याच्या वड्या घालायच्या असल्या की शेजारची दीदी कोहळं घेऊन यायची. "कका, देखव तो." ते ठोकत आणि सांगत, आत बी जास्त आहे की गर.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं. "खरी वस्तू ठोकल्याबरोबर बोलते. खोटी वस्तू विचार करून बोलते." ते सगळ्या जगाला हेच माप लावत. नेता असो, जावई असो, टरबूज असो.

माणसांशी मात्र त्यांची वागणूक वाईट. मागून हाक मारली तर वळून पाहत नसत. मी 'काकाजी, काकाजी' करत अंगण ओलांडून जायचो आणि हे तुळशीला पाणी घालत तसेच उभे. प्रश्न विचारत आणि उत्तरही आपणच देत. "जेवला? जेवला असशील. पाणी आलं? आलं." त्यांच्या मुलीचा फोन आला की फोन माझ्या हातात. "तू बोल बे मिस्त्री. काय म्हणते ते मले सांग." म्हणजे मी काय यांचा चपराशी? मी बायकोला म्हणायचो, चार खोल्या आहेत म्हणून एवढा माज. माझ्या हातून चारशे खोल्या उभ्या राहिल्या, मी कोणाला माज दाखवला?

ती म्हणायची, "मले दाखवता ना रोज." आणि भाकरी थापत राहायची.

आता त्या खांबाचं सांगतो.

होळी झाल्यावर काकाजींना पाण्याची टाकी बसवायची होती. नळ सकाळी तासभरच येतो, उन्हाळ्यात तेवढंही नाही. मी म्हटलं, दुसरा मिस्त्री कशाला? मी आहे ना घरात. अंगणाच्या कोपऱ्यात विटांचे दोन खांब उभारले, पुरुषभर उंच. वर जाड फरशी आणि फरशीवर काळी टाकी. माल मीच कालवला, विटा मीच वाहिल्या. वय झालं होतं, पण हाताखाली माणूस घेतला नाही. लोकांना पाहू दे म्हटलं. गिलावा असा काढला की त्यावर हात फिरवावा.

टाकीखाली सावली पडते, म्हणून बायकोनं भांडी घासायचा दगड तिथेच सरकवून घेतला. टाकी भरायच्या दिवशी नारळ फोडला. पाऱ्यातल्या बाया आल्या, दीदी आली. काकाजी हातोडी घेऊन आले. उजव्या खांबावर पंजा, ठोका. मान हलवली. डाव्या खांबावर पंजा, ठोका. थांबले. पुन्हा ठोका. पुन्हा थांबले. तिसरा ठोका दिला आणि म्हणाले, "हा विचार करून बोलून राहिला. पाडा."

मला वाटलं, गंमत करतात. मी हसलो.

"पाडा," ते म्हणाले.

"काकाजी, चाळीस वर्षं झाली मले या कामात. माझा खांब पाडायचा? नारळ फुटल्यावर?"

तोवर ते पाठ फिरवून निघाले होते. मी मागून ओरडून विचारलं, "काय खोट आहे ते तं सांगा!" सगळ्या बाया ऐकत होत्या. ते न वळता, न बोलता आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की सांगता येत नाही. एवढ्या लोकांत माझ्या कामाला खोटं म्हणायचं आणि वर जबाबही द्यायचा नाही! त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. खांब तसाच ठेवला.

मग आमच्या घरात रोजची लढाई सुरू झाली. सकाळी मी टाकी गच्च भरायचो. मी बाजारात गेलो की ते खालचा नळ सोडून अर्धी रिकामी करायचे, ते पाणी झाडांना घालायचे. मी येऊन पाहायचो, शिव्या घालायचो. ते भांडी घासायचा दगड ओढत अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, उन्हात नेऊन ठेवायचे. मी तो ओढत परत टाकीखाली आणायचो. दोन म्हातारे रोज एक दगड इकडून तिकडे करत होते आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते. बायको राख आणि काथ्या घेऊन उभी. "तुमचं ठरलं की सांगा," म्हणायची, "मले भांडे घासायचे आहेत."

दोन महिने हे चाललं. आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो दिवस.

नवतपा लागला होता, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. सकाळी दूध नासलं. बायको चिडली, मग त्यात साखर घालून आटवलं आणि खुश झाली. नळ आला तो पाव तास, तोही गढूळ. मी टाकीत काय ते भरलं. काकाजींनी सिलिंडर ठोकून तीन बोटं दाखवली, माझ्याकडे न पाहता. चपलेचा अंगठा तुटला. पंखा बंद पडला आणि आपोआप सुरू झाला. असा आपला साधा दिवस.

अकराच्या सुमाराला बायकोनं तुरीची डाळ कुकरला लावली आणि गोड केलेल्या दुधाची वाटी द्यायला दीदीकडे गेली. काकाजी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या ओट्यावर येऊन बसले, कारण तिथे सावली असते. खिडकीकडे पाठ, पुढ्यात सूप, चिंचोके काढत होते. मी समोरच्या भिंतीला खाट टाकून पडलो होतो आणि डोळे किलकिले करून त्यांच्याकडे पाहत होतो. शत्रूवर नजर ठेवावी लागते.

कुकरची शिटी झाली नाही. मी मनात म्हटलं, काहून होत नसेल? उठावं का? तेवढ्यात फुटला.

सगळा नव्हे, वरचं झाकण उडालं. पण आवाज! मी खाटेवरून खाली पडलो. पत्र्यावरची कबुतरं उडाली. गल्लीतली कुत्री भुंकत सुटली. झाकण भिंतीवर आदळलं, खिडकीतून वाफ आणि डाळीचा फवारा बाहेर आला. मी जमिनीवर, आणि समोर पाहतो तर काकाजी चिंचोके काढताहेत.

दचकले नाहीत. मान हलली नाही. पापणी हलली नाही. कुकरपासून दीड हातावर बसलेला माणूस एक चिंचोका काढून वाटीत टाकतो आणि दुसरी चिंच उचलतो.

मग खिडकीच्या गजावरून डाळीचा एक गोळा घरंगळला आणि त्यांच्या टकलावर पडला. त्यांनी तिथे हात लावला, बोट पाहिलं आणि मग वर आभाळात पाहू लागले. कावळा शोधत होते.

मेलेला माणूस उठून बसावा तसं काहीतरी पाहिल्यासारखं झालं. ज्या माणसाच्या कानावर सगळा पारा माठ घेतो, वड्या घालतो, ज्याच्या कानानं माझा खांब खोटा ठरला, तो माणूस दगडासारखा बहिरा!

गल्ली धावत आली. सगळे छताची डाळ पाहत होते, कुकर पाहत होते. काकाजींकडे कोणी पाहिलं नाही. तेही उठून सगळ्यांबरोबर "अरे बापरे, अरे बापरे" करू लागले, माणसांच्या तोंडाकडे पाहून.

लोक गेल्यावर मी बायकोला मोरीजवळ गाठलं. "तुले एक गोष्ट सांगतो. तो म्हातारा बहिरा आहे. ठार बहिरा."

ती छताकडे पाहत झाडूनं डाळ खरवडत होती. म्हणाली, "मले माहीत आहे."

हा दुसरा कुकर फुटला.

"तुले माहीत आहे? कधीपासून?"

"दोन वर्ष झाले असतील. त्यांच्या मागे माझ्या हातची परात पडली, तं हालले नाही. तेव्हा समजलं."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही ढोल घेऊन निघाले असते गल्लीत. त्यांच्यापाशी आता काय राहिलं आहे? लोक विचारायले येतात, तेवढंच. अन् बहिऱ्याचं मले काय सांगता? ते निदान बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. तुम्ही तं तेही पाहत नाही."

मी ते कानामागे टाकलं. डोक्यात एकच गोष्ट होती. संध्याकाळी बाया अंगणात जमतात, तेव्हा सगळ्यांसमोर सांगायचं. बघा, ज्यानं माझा खांब खोटा म्हटला त्याला कुकर फुटलेला ऐकू येत नाही. मी वाक्य जुळवून ठेवलं होतं. काकाजी दुपारचे झोपले होते. त्यांची हातोडी ओट्यावर होती. मी ती उचलली.

"चल," बायकोला म्हटलं, "आता तूच ऐक." दोन्ही खांबांवर एकेक ठोका दिला. ठण्. ठण्. "सांग, काय फरक आहे?"

"काही नाही," ती म्हणाली.

"मग!"

"त्यांना तरी कुठे ऐकू येते? ते जसं करतात तसं करून पाहा."

आणि ती माझ्या मागे आली आणि डाळीनं माखलेल्या दोन्ही हातांनी तिनं माझे कान गच्च दाबले. लग्नाला इतकी वर्षं झाली, भर अंगणात तिनं मला असा हात कधी लावला नव्हता. मी डावा पंजा उजव्या खांबावर ठेवला. ठोकलं. ठोका सरळ तळहातात आला, कोणी टाळी द्यावी तसा. डाव्या खांबावर पंजा ठेवला. ठोकलं.

आला नाही. मग आला. उशिरा, पसरट, तळहातभर इकडेतिकडे होऊन. पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच. खांब विचार करून बोलत होता.

मी हातोडी खाली ठेवली. घाम फुटला होता, आणि तो नवतप्याचा नव्हता.

कारण मला आठवलं. त्या दिवशी डावा खांब कमरेएवढा आला तेव्हा माझी कंबर धरली होती. मी अर्धा तास पडतो म्हणून पडलो, तो दोन तास झोपलो. उठलो तर कालवलेला माल उन्हात घट्ट झाला होता. मेला होता. सिमेंटचा माल एकदा मेला की फेकायचा असतो. नवं पोतं दाराशी होतं, पण उचलायची ताकद नव्हती आणि 'जरा हात लाव' म्हणायला जीभ वळत नव्हती. मी मेलेल्या मालात पाणी घातलं, पुन्हा कालवला आणि वरचा अर्धा खांब त्यावर चढवला. मेलेला माल पाणी घालून जिवंत होत नाही, हे मी जन्मभर हाताखालच्यांना शिव्या घालून शिकवलं. आणि वरून गिलावा असा काढला की मी स्वतः विसरून गेलो. देवाशपथ, विसरूनच गेलो होतो.

टाकी भरली की किती वजन होतं, हे मिस्त्रीला सांगावं लागत नाही. आणि त्याखाली दिवसातून दोनदा कोण बसत होतं, तेही.

मी त्या दगडाकडे पाहिलं. सकाळीच मी तो ओढत टाकीखाली आणला होता. बायकोनं माझे कान सोडले आणि पदरानं ती डाळ पुसायला लागली.

संध्याकाळी बाया जमल्या. टाकीचं पाणी मी आधीच सोडून दिलं होतं. गल्लीतल्या दोघांना बोलावून टाकी आणि फरशी उतरवली आणि लोखंडी सब्बल घेऊन डाव्या खांबाला भिडलो. तिसऱ्या घावाला गिलावा फुटला आणि विटांच्या मधून माल असा सांडला जसं फाटक्या पिशवीतून पीठ. वीट हातानं निघत होती. एकेक वीट साफ, कोरी, जशी भट्टीतून आली तशी.

"का होगे मिस्त्री भैया?" दीदी ओरडली. "काबर टोरत हव?"

खांब का तोडतोय म्हणून सगळे माझ्याकडे पाहत होते. काकाजी आपल्या दारात उभे होते आणि माझ्या तोंडाकडे पाहत होते. माझ्या तोंडाकडे ते नेहमी असेच पाहायचे. मला वाटायचं, चुका शोधतात.

जुळवून ठेवलेलं वाक्य जिभेवर होतं. ते मी गिळलं. मग मी त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "खांब खोटा होता. मी मेलेला माल भरला होता. काकाजींच्या कानाले समजलं, मले नाही समजलं."

मिस्त्रीच्या तोंडून असं कोणी ऐकलं नव्हतं.

काकाजी माझ्याकडे पाहत राहिले. मग माझ्या बायकोकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मी 'कान' हा शब्द काहून म्हटला, हे त्यांना कळलं. त्यांच्या टकलावर डाळीचा सुकलेला डाग अजून होता. ते अंगण ओलांडून आले, डावा पंजा माझ्या डोक्यावर ठेवला आणि बोटाच्या पेरानं टक्क करून एक ठोका मारला.

सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे पोकळ नाही. टणक आहे. म्हणून तं याले काही ऐकू येत नाही."

पारा हसला. बायको तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी खांब नव्यानं बांधायला घेतला. पोतं उचलायला काकाजींना म्हटलं, "जरा हात लावा." त्यांनी लावला. पंधरा दिवस तराई केली, पाण्याचा एक दिवस चुकवला नाही. मग त्यांनी पंजा ठेवला, ठोकलं आणि लगेच मान हलवली. भांड्यांचा दगड कुठे ठेवायचा ते बायकोनं ठरवलं, आम्ही दोघांनी मिळून तो नेऊन ठेवला.

त्यानंतर ते पाच वर्षं होते. मी त्यांना मागून हाक मारली नाही. अंगणाला वळसा घालून समोर जाऊन उभा राहायचो. मुलीचा फोन आला की मी बोलायचो आणि तिचं सगळं बोलणं त्यांच्याकडे तोंड करून सांगायचो. या गोष्टीबद्दल आम्ही एकमेकांशी कधी एक शब्द काढला नाही. आता ते नाहीत, घरही विकलं गेलं, म्हणून लिहिलं.

पाऱ्यात कधी गेलो तर लोक अजून त्यांची आठवण काढतात. मागच्या उन्हाळ्यात दीदी माठाच्या दुकानात भेटली. हातात माठ घेऊन, उलटासुलटा करून पाहत होती.

"मिस्त्री भैया," ती म्हणाली, "कका के कान जइसे कान अब काकर हे?"

माझी बायको बाजूलाच होती. ती दुसरीकडे पाहू लागली. मी तो माठ दीदीच्या हातातून घेतला, त्यावर डावा पंजा ठेवला आणि म्हटलं, "हव, तसे कान आता कोणाचेच नाही."